सबूर

ग्लेन म्हणाला, नदीत काय, कुणीही पकडेल.
नदीत ती घाईत असते,
ठरल्या दगडांवरून ठरल्या घरी निघालेली.
स्टीलहेड पकडावी खाऱ्या पाण्यात.
तिथे ती कुणाचीच नसते.
नुसती चांदी, आणि भूक.
हजारदा गळ फेकावा, तेव्हा एक.

त्याच्या मुलखात म्हणे कमरेइतक्या पाण्यात
उभं राहिलं की बोटं आपली राहत नाहीत.
इथे सुबियाच्या खोरात, पहाटे चारला,
गुडघाभर चिखल, पाणी कोमट,
समोर बुबियान बेटाची सपाट रेघ
आणि पाठीशी आमचा प्लांट,
रात्रभर समुद्र उकळत बसलेला.

मी तिथे पाणी तपासतो.
बाटल्या भरतो, आकडे लिहितो,
मीठ निघालं की नाही ते सांगतो.
पार शुद्ध झालेलं पाणी पिववत नाही कुणाला,
मग विहिरीचं थोडं मचूळ त्यात परत मिसळतात.
चौदा वर्षं खाल्ल्या मिठाला जागतोय
म्हणजे एवढंच करतोय,
ते काढतो, आणि चवीपुरतं घालतो.

इकडे स्टीलहेड कुठली!
मी त्याला आमच्या भिंगेचं सांगितलं.
बाणकोटला, सावित्रीच्या तोंडाशी,
आषाढातल्या गढूळ पाण्यावर चढायची.
धाकू भोई होडीत आडवा होऊन
फळीला कान लावायचा,
म्हणायचा, निघाल्या गं बाया बाळंतपणाला.
पुढे वरच्या अंगाला पाण्याचा रंग बदलला,
वासही.
माहेर ओळखू येईना त्यांना.
धाकूची होडी उपडी पडली ती पडलीच,
तिच्याखाली कोंबड्या बसू लागल्या.

वासावर जातात? ग्लेनने विचारलं.
वासावरच.
आमचीही, तो म्हणाला,
आणि दोघं बराच वेळ गप्प गळ फेकत राहिलो.

इथे तिला सबूर म्हणतात.
सबुरीतलाच शब्द, म्हणून मला पाठ.
याच खोरातून ती वर जाते,
शत्तच्या गोड्या पाण्याकडे,
सरहद्दीच्या दिव्यांखालून, कागदपत्रांशिवाय.
सबूर आमिष गिळत नाही.
पाणी गाळून खाते, आमच्या प्लांटसारखी.
म्हणजे ती गळाला लागणं हा अपघातच.

तो झाला.
ग्लेनने दीडशेदा फेकला होता, मी सहाव्यांदा.
दोरी ताणली, रीळ ओरडलं,
आणि चिखलाच्या काठावर आली ती,
गळ तोंडात नाही, पाठीच्या पराशी रुतलेला.
पोट टम्म. गाभोळीचं.

सोड, ग्लेन म्हणाला. ती वर चाललीय.
त्याने हात ओले करून घेतले होते,
खवले निघू नयेत म्हणून.
माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी सोडली नाही.
उगाच गोड करून लिहीत नाही.

जहराच्या खोलीत, एका शेगडीवर,
आमसुलं, लाल तिखट, गावाहून आलेलं तिरफळ.
गाभोळी वेगळी, नुसत्या हळदीमिठात.
ग्लेन जेवायला आला. मला वाटलं नव्हतं येईल.
काटे एकेक काढून ताटाच्या कडेला
त्याने ओळीत लावले,
जसं काही परत जोडायचेत.
गाभोळीला हात लावला नाही.
मग ग्लास उचलून दिव्यासमोर धरला.
हे तू केलंस?
आम्ही.
त्याने वास घेतला. पुन्हा घेतला.
कसलाच नाही, म्हणाला.

कसा असेल?
या पाण्याला कुठलीच नदी माहीत नाही.
याच्या वासावर कुणी घरी पोचायचं नाही.
हे त्याला सांगायला
माझं इंग्रजी पुरलं नाही,
मी फक्त त्याचा ग्लास पुन्हा भरला.

रात्री बोटं तीनदा धुतली. साबण, लिंबू, राख.
वास हलेना.
सकाळच्या पाळीत नमुन्याच्या बाटलीला
तो लागला असणार.
आकडा मात्र बरोबर आला.